दर्या असेल ती पश्चिम

मी आजवर कितीतरी चोऱ्या कबूल केल्या आहेत. मालकाच्या तोंडावर त्याचा उद्धार केला आहे, दारू पिऊन गाडी ठोकल्याचं शपथेवर सांगितलं आहे, आणि एकदा तर भर कोर्टात, "मला सातवा महिना चालू आहे, बसायला खुर्ची मिळेल का?" असंही विचारलं आहे. तेव्हा माझी दाढी चांगली छातीपर्यंत होती. खुर्ची मिळाली, पण ती त्या बाईला. मी उभाच.

मी कोर्टात दुभाषी होतो. अरबीत म्हणतात मुतर्जिम. इथल्या, म्हणजे अमिरातीतल्या, कोर्टाचं सगळं कामकाज अरबीत चालतं आणि कोर्टात येणाऱ्या निम्म्या लोकांना अरबी येत नाही. मग मराठी, हिंदी, उर्दू बोलणारा कुणी पिंजऱ्यात उभा राहिला की त्याच्या शेजारी मी. आमच्या कामाचा पहिला नियम असा की "तो असं म्हणतो" असं म्हणायचं नाही. तो "मी" म्हणाला की आपणही "मी" म्हणायचं. दुसरा नियम, काही गाळायचं नाही. एका कॅफेटेरियातल्या आचाऱ्याने भागीदाराला घातलेल्या शिव्या मला एकदा न्यायाधीशांसमोर ओळीने भाषांतर करून सांगाव्या लागल्या. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "यातली शेवटची गोष्ट माणसाला शरीराने जमण्यासारखी आहे का?" मी आचाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "नाही साहेब, रागात बोललो." तेही मी इमानेइतबारे अरबीत सांगितलं.

तिसरा नियम सगळ्यात अवघड. आपलं काही घालायचं नाही. समोरचा माणूस चुकतोय, फसतोय, स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतोय असं दिसलं तरी दुभाष्याने फक्त शब्द या कानातून घ्यायचे आणि त्या भाषेत खाली ठेवायचे. हा नियम मी नोकरीभर पाळला. एकदाच मोडला, आणि मंडळाच्या अंकासाठी "काहीतरी गमतीचं लिहा ना काका" असं संपादिकाबाईंनी म्हटल्यावर मला तोच प्रसंग आठवला.

आमचं कोर्ट दुबई-शारजात नव्हतं. खोर फक्कानच्या अंगाला, डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर एक गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथले लोक अजून फोन करून खुशाली विचारतात. एक कोर्ट, एक पोलीस ठाणे, एक नगरपालिका, एक पेट्रोल पंप आणि एक मल्याळी चहावाला, एवढं आमचं सरकार. पाचांपैकी चहावाल्याची सत्ता सगळ्यात जास्त. तो दोन दिऱ्हमला, म्हणजे आपल्या जवळजवळ पन्नास रुपयांना चहा द्यायचा आणि कुठला खटला कुठल्या दिशेला चाललाय ते फुकट सांगायचा.

भूगोल मात्र आमचा फार गुंतागुंतीचा. मागच्या डोंगरातून रस्ता जातो तो थोडा एका अमिरातीतून, थोडा दुसरीतून, आणि मध्येच ओमानचा एक तुकडा लागतो. वळणावर फोन टुणकन वाजतो आणि "ओमानमध्ये स्वागत असो" म्हणतो. पुढच्या वळणावर पुन्हा घरी. त्यामुळे डोंगरात काही घडलं की पहिली तारीख "हे घडलं कुठल्या राज्यात" याच्यातच जायची. नगरपालिकेचा माणूस नकाशा घेऊन यायचा आणि गावातले म्हातारे त्या नकाशाला नावं ठेवायचे.

असाच एक म्हातारा म्हणजे अबू राशिद. डोंगरातल्या एका वादीत, म्हणजे कोरड्या नदीच्या खोऱ्यात, त्याची खजुराची आणि आंब्याची बाग होती. हो, आंब्याची. त्या बाजूला आंबे होतात. मी रत्नागिरीचा आहे हे कळल्यापासून तो मला भेटला की आधी आंब्यावरूनच भांडायचा. "हबीबी, तुमचा आंबा नुसता गोड. आमच्या आंब्याला चव आहे!" मी कोर्टाचा नोकर, त्यामुळे मान डोलवायचो. मनात काय म्हणायचो ते इथे लिहीत नाही.

त्या बागेला पाणी यायचं ते फलजमधून. फलज म्हणजे आपल्या कोकणातल्या वाडीतला पाट. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी दगडी पाटाने बागेपर्यंत आणायचं. हा पाट रस्त्याच्या कडेने जात होता, आणि एका दुपारी कुठल्यातरी पाण्याच्या टँकरने मागे घेताना त्याची भिंत पाडली. पाणी वादीत वाहून गेलं, बाग सुकायला लागली. वर कुठेतरी रस्त्याचं काम चालू होतं, तिकडे टँकरची ये-जा असायची. पोलिसांनी चौकशी केली तेव्हा एका ड्रायव्हरने आपण होऊन सांगितलं की त्या दुपारी मी तिथे थांबलो होतो.

हा ड्रायव्हर म्हणजे रफीक. श्रीवर्धनकडचा, शारजात रोल्लाला सहाजणांच्या खोलीत राहणारा. एरवी त्याचा टँकर दुबईतल्या रास अल खोर ते शारजा एवढाच धावायचा. दुसऱ्या ड्रायव्हरला ताप आला म्हणून त्याला आमच्या बाजूला पाठवलं होतं, तेही आयुष्यात पहिल्यांदा. आणि खटला चालू असेपर्यंत देश सोडायला बंदी. घरी मुलीचा निकाह ठरलेला. एकदा तारीख पुढे ढकलून झाली होती आणि मुलाकडचे लोक कुरकुरायला लागले होते.

हे मला कसं कळलं? तारखेच्या दिवशी तो कोर्टाच्या पायरीवर बसला होता. माझं मराठी ऐकल्यावर ताडकन उठला. "मामू, तुम्ही आपल्याकडचे?" म्हणाला. "मामू, मी नाय पाडली भिंत. अल्लाशपथ. माझी एकच पोरगी हाय. बाप नसताना तिचा निकाह लागला तर मी तोंड कुठं दाखवू?"

मी म्हटलं, "रफीक, मी दुभाषी आहे. मला हे सांगून उपयोग नाही. आत साहेबांना सांग, मी तुझा शब्दन् शब्द पोचवीन."

"साहेब कसे हायेत?"

"सुदानचे आहेत," मी म्हटलं. "कमी बोलतात."

ते खरंच कमी बोलायचे. उंच, सडपातळ, केस पांढरे झालेले. चष्मा काढला की समजायचं, आता काहीतरी विचारणार आहेत.

आधी अबू राशिदची जबानी झाली. त्या दुपारी तो वर कड्यावर शेळ्या चारत होता. खाली त्याला दोन पांढरे टँकर दिसले. एक डोंगराच्या बाजूला, पाटाला खेटून. दुसरा रस्त्याच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला. पाटाकडच्या टँकरचा ड्रायव्हर दिसला नाही. "आणि दुसऱ्या टँकरजवळ एक वेडा होता," अबू राशिद म्हणाला. "समुद्राकडे तोंड करून व्यायाम करत होता. वाकत होता, उठत होता, बसत होता. मी म्हटलं, कुणी परदेशी असेल. यांना कुठेही व्यायाम सुचतो." मग तो शेळ्यांमागे गेला आणि परत आला तेव्हा दोन्ही टँकर गेले होते आणि भिंत पडली होती.

साहेबांनी फाइल उघडली. रफीकने पोलिसांना दिलेला जबाब त्यात होता. तो हिंदीत दिलेला, दुसऱ्याच कुणी भाषांतर केलेला. साहेबांनी विचारलं, "तू रस्त्याच्या कुठल्या बाजूला थांबलास?"

मी विचारलं. रफीक म्हणाला, "पश्चिमेला. पोलिसांना पण तेच सांगितलंय."

बोलताना त्याचा हात खिडकीकडे गेला. मी त्या हाताकडे बघितलं, मान हलवली आणि अरबीत सांगितलं, "पश्चिमेला."

"काय करायला थांबलास?"

"असरची नमाज पढायला. पढलो आणि निघालो."

साहेब कारकुनाला म्हणाले, "लिहा. आरोपी पश्चिमेला, म्हणजे पाटाच्या बाजूला थांबल्याचं स्वतः कबूल करतो."

रफीकला अरबी कळत नव्हतं. तो आशेने माझ्याकडे बघत होता. पाटाच्या बाजूला? पाट तर डोंगराकडे आहे. या माणसाचा हात तर आत्ता खिडकीतून समुद्राकडे गेला होता. मला त्यात काहीच वावगं कसं वाटलं नाही?

वाचकहो, तुमच्यापैकी जे कोकणातले आहेत त्यांना कळलंच असेल. आपल्याकडे दर्या पश्चिमेला. सूर्य दर्यात बुडतो, नमाज दर्याकडे तोंड करून पढायची, आणि यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणाला जन्मात वाटत नाही. दुबई-शारजाला आलं तरी समुद्र पश्चिमेलाच, त्यामुळे डोक्यातलं घर हलत नाही. पण डोंगर ओलांडून आमच्या बाजूला उतरलं की समुद्र येतो पूर्वेला आणि पश्चिमेला उभा राहतो डोंगर. रफीक समुद्राच्या बाजूला थांबला होता आणि खुशाल पश्चिम म्हणत होता. त्या एका शब्दाने त्याने स्वतःला पुरतं अडकवून घेतलं होतं, आणि तो शब्द मी माझ्या तोंडाने खाली ठेवला होता.

कारकून टाइप करत होता. मी हात वर केला.

कोर्टात दुभाष्याने हात वर केलेला कुणी पाहिला नव्हता. साहेबांनी चष्मा काढला. "काय आहे, मुतर्जिम?"

"साहेब, याने हात समुद्राकडे दाखवला."

"तू शब्दांचं भाषांतर करतोस की हातांचं?"

"शब्दांचं, साहेब."

"शब्द काय होता?"

"पश्चिम."

"मग?"

नोकरी जाईल असं वाटून गेलं. पण पायरीवरचं ते "मामू" कानात होतं. मी म्हटलं, "साहेब, आमच्या मुलखात समुद्र पश्चिमेला असतो. आम्ही समुद्र बघून पश्चिम म्हणतो. सूर्य बघून नाही."

साहेब एकदम म्हणाले, "तू तर इथे किती वर्षं राहतोस. विचार करू नकोस. पश्चिम दाखव."

आणि आता काय सांगू! इतका वेळ ज्याच्यावर भाषण दिलं, तीच चूक. माझा हात निम्मा समुद्राकडे गेला, मग मी तो ओढून डोंगराकडे वळवला. कारकून तोंडावर कागद धरून हसला. पोलीस तर उघडच हसला. अबू राशिद म्हणाला, "याच माणसाला आंब्यातलं कळतं म्हणे!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की गुरुवारी असरच्या वेळी, म्हणजे दुपार कलल्यावर, कोर्ट स्वतः जागा पाहायला जाईल आणि तोपर्यंत मुतर्जिमने आरोपीशी एक शब्द बोलायचा नाही.

तेवढे दिवस मी घरात चिडचिडा होतो. मुलीला हकीकत सांगितली तर ती म्हणाली, "बट डॅड, व्हाय डिडन्ट ही जस्ट चेक हिज फोन?" मी म्हटलं, समोर दर्या दिसत असताना कोकणातला माणूस किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, फोनला कशाला विचारेल? तिने खांदे उडवले. ती शारजात वाढली आहे, तिच्या डोक्यात दिशा नाहीतच, एक्झिट नंबर आहेत.

गुरुवारी आमचं कोर्ट दोन गाड्यांतून डोंगरात निघालं. पुढच्या गाडीत साहेब, कारकून आणि नकाशावाला. मागच्या गाडीत पोलीस, रफीक, अबू राशिद आणि मी. वाटेत सगळ्यांचे फोन टुणटुण वाजले आणि आम्ही काही मिनिटं परदेशवारी करून आलो. अबू राशिद रफीककडे बघून माझ्या कानात म्हणाला, "चेहरा तर चोराचा नाही." मी तोंड घट्ट मिटून बसलो. मी त्याच्याशी बोलत नाही म्हणजे निकाल लागला, असं रफीकने मनाशी धरलं असावं.

जागेवर पोचलो. वादी तिथे अरुंद, त्यामुळे ऊन लवकरच डोंगराआड गेलं होतं. डोंगराच्या बाजूला पाटाची पडलेली भिंत. दुसऱ्या बाजूला रस्त्याची रुंद कड, आणि खोऱ्याच्या तोंडातून दिसणारा निळा समुद्र. मशीद नाही, घर नाही.

साहेब मला म्हणाले, "त्याला एवढंच विचार, त्या दिवशी जे केलंस ते आज पुन्हा कर. त्याच जागी, तसंच. आणि तू तुझे हात खिशात ठेव."

मी विचारलं. हात खिशात ठेवून.

रफीकने आमच्याकडे एकवार बघितलं. मग रस्ता ओलांडून तो समुद्राच्या बाजूला गेला. बाटलीतल्या पाण्याने हात, तोंड, पाय धुऊन वजू केलं, खांद्यावरचा पंचा झटकून जमिनीवर पसरला, आणि समुद्राकडे तोंड करून, मक्केला बिनचूक पाठ दाखवून, कानापर्यंत हात नेले. मग तो वाकला.

"वल्ला!" अबू राशिद असा ओरडला की वरच्या शेळ्या दचकल्या. "हाच तो! व्यायामवाला! साहेब, हाच तो वेडा! हा पलीकडे होता, माझ्या भिंतीजवळ नव्हताच!"

कारकून हसायला लागला, पोलीस हसायला लागला. साहेबांनी बोट ओठांवर ठेवलं. रफीकची नमाज पूर्ण होईपर्यंत आम्ही सगळे मुकाट उभे राहिलो. सलाम फिरवून त्याने मागे बघितलं तर अख्खं कोर्ट दात काढून उभं. बिचारा घाबरला.

अबू राशिदनेच जाऊन त्याला उठवलं, खांद्यांना धरून डोंगराकडे फिरवलं आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "सदीक, दोस्त, किब्ला इधर! इधर!" मग साहेबांकडे वळून म्हणाला, "माझी याच्याविरुद्ध तक्रार नाही. खलास." साहेबांनी कारकुनाला तिथेच, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून ते लिहून घ्यायला लावलं. भिंतीचं काय झालं ते सांगून टाकतो. रस्त्याच्या कामावरच्या लोकांनी पुढे ती गुपचूप बांधून दिली, म्हणजे पाटाकडचा टँकर कुणाचा होता ते सगळ्यांना समजलं.

मग साहेब मला म्हणाले, "आता बोल त्याच्याशी. सांग, उद्या सकाळी बंदी उठेल. तो घरी जाऊ शकतो."

मी खिशातून हात काढले आणि सांगितलं. माझा आवाज मलाच चढलेला वाटला. वाटलं होतं, रफीक उडी मारेल, माझ्या गळ्यात पडेल. पण तो तसाच उभा. एकदा डोंगराकडे बघे, एकदा समुद्राकडे. चेहरा उतरलेला.

"काय झालं रे? सुटलास तू!"

"मामू," तो हळू म्हणाला, "साहेबांना एक विचाराल? त्या दिवशीच्या नमाजात मी पोरीसाठी दुवा मागितलेली. सगळं नीट होऊ दे, मला तिच्या निकाहला घरी पोचू दे म्हणून. आणि मी तोंड दुसरीकडेच केलेलं. ती नमाज फुकट गेली का?"

हे मी अरबीत सांगितलं. सगळे हसायचे थांबले.

साहेबांनी चष्मा काढला. पण विचारलं काहीच नाही, सांगायलाच लागले. "त्याला सांग, मी पोर्ट सुदानचा आहे. आमच्या गावी समुद्र पूर्वेला. आणि मक्का समुद्रापलीकडे. लहानपणापासून मी समुद्राकडे तोंड करून नमाज पढत आलो. इथे बदली होऊन आलो, पहिल्या संध्याकाळी किनाऱ्यावर फिरायला गेलो, समुद्र दिसला आणि चादर पसरली. एका कोळ्याने मला धरून फिरवलं. तेव्हा त्याला सांग, ज्याने मनापासून किब्ला समजून पढली त्याची नमाज होते. त्याची फुकट गेली असेल तर माझीही गेली."

मी सांगितलं. रफीकने ऐकलं, पण डोळे अजून साहेबांवरच. "आणि दुवा?" तो म्हणाला.

ते मी भाषांतर करायच्या आधीच साहेबांना कळलं असावं. ते म्हणाले, "विचार त्याला, आता तो कुठे चाललाय?"

मी विचारलं.

"घरी," रफीक म्हणाला. "पोरीच्या निकाहला."

आणि मग मी काही सांगायच्या आधीच तो मटकन त्या पंच्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.